लष्कर, कंपू आणि एक ‘जर’

ग्वाल्हेरकर मराठी माणसाला आपल्या पत्त्यातच इतिहास दडलेला आहे, याची जाणीव सहसा नसते. ‘आम्ही लष्करात राहतो’ असे आपण सहज म्हणून जातो आणि परगावच्या पाहुण्याला वाटते, घरातले कोणी फौजेत असावे. कंपूत आपले नातेवाईक राहतात, जिन्सी नाल्याच्या रस्त्याने आपली ये-जा चालते. परंतु ही नावे आली कोठून, हे घरातील मुलांना विचारले तर ती आपल्याच तोंडाकडे पाहतात.

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ कायम केला. तंबूंच्या जागी घरे झाली, घरांचे शहर झाले, नाव मात्र ‘लष्कर’ हेच राहिले. ‘कंपू’ म्हणजे शिंद्यांची युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेली फौज. पोर्तुगीजांच्या ‘कांपो’ या शब्दाशी नाते सांगणारा हा शब्द आपल्या जुन्या कागदपत्रांत जागोजाग भेटतो. आणि ‘जिन्सी’ म्हणजे मोठ्या तोफा व त्यांचा दारूगोळा. वाचकहो, आपण एका फौजेच्या नावांत राहतो. ती फौज जाऊन आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली आहेत.

या नावांचा विचार नव्याने करण्याची पाळी माझ्यावर एका विद्यार्थ्याने आणली. मी एका सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आहे. एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांच्या वर्गावर मी स्वतः जातो. असाच एकदा दहावीच्या वर्गात इतिहासाचा तास घेत असता डोक्यावरून विमान गेले. ग्वाल्हेरकरांना या गर्जनेचे नवल नाही. १९८५ मध्ये फ्रान्सहून आलेली मिराज विमाने येथील महाराजपूरच्या हवाई तळावर प्रथम उतरली, तेव्हा मी स्वतः शाळेत शिकत होतो व आम्ही मुले गच्चीवर धावत जात असू. तो आवाज विरेपर्यंत मी थांबलो. तेवढ्यात मागल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. आडनाव मराठी, घर कंपूत, बोलणे मात्र हिंदीत. म्हणाला, “सर, अगर ये जहाज़ पानीपत में हमारे पास होते, तो?”

वर्ग खो खो हसला. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न पोरकट वाटला तरी त्याची जात जुनी आहे. अमुक महासत्तेला जेट विमान पाच वर्षे आधी मिळाले असते तर, तमक्या राष्ट्राचे रणगाडे दहा वर्षे आधी तयार झाले असते तर जगाचा नकाशा कसा दिसला असता, या कल्पनेवर पाश्चात्त्य देशांत कादंबऱ्याच्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत. आपल्याकडे हाच प्रश्न विमानांऐवजी तोफांविषयी विचारावा लागेल. महादजी शिंद्यांनी जी कवायती पलटण आणि जो तोफखाना पानिपतानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी उभारावयास घेतला, तो पंचवीस वर्षे आधी उभा राहिला असता तर?

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तयार होते. पुष्कळ वर्षांपूर्वी येथील एका गणेशोत्सवात मी ‘महादजी आणखी दहा वर्षे जगते तर’ या विषयावर व्याख्यान दिले होते. तोफा आधी येत्या, महादजी आणखी जगते, तर हिंदुस्थान इंग्रजांच्या घशात जाताच ना, असा माझा निष्कर्ष होता. टाळ्या उदंड पडल्या. तेच व्याख्यान पुढे मी वर्गावर्गांतून थोडक्यात देत आलो आणि त्या दिवशीही दिले. मुलगा शांतपणे ऐकून घेऊन खाली बसला. शाळा सुटल्यावर तो माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, तोपें तो हमारी थीं। पर चलवाता कौन था?”

या दुसऱ्या प्रश्नाने माझे व्याख्यान मोडले. ते कसे मोडले, हे आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

पानिपतावर तोफा होत्याच

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की ‘आधी’ हा शब्द आपण समजतो तितका सोपा नाही. पानिपतावर, १४ जानेवारी १७६१ रोजी, मराठ्यांजवळ त्या काळातील उत्तम तोफखाना होता. इब्राहिमखान गारदी हा फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीत तयार झालेला सरदार. त्याच्या कवायती पलटणींनी आणि तोफांनी १७६० च्या आरंभी उदगीर येथे निजामाला जेरीस आणले होते. भाऊसाहेबांनी त्याला बरोबर घेतले ते या सामर्थ्यावर विसंबूनच. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचे ‘जहाज’ पानिपतावर एका अर्थी उतरलेच होते.

मग झाले काय? त्या दिवशी गारद्यांनी रोहिल्यांच्या फळीवर केलेला हल्ला शर्थीचा होता, हे शत्रूकडील लेखकांनीही नमूद केले आहे. परंतु तोफखान्याभोवती जी फौज होती तिची घडण वेगळी होती. कवायती पायदळाच्या संरक्षणात सर्वांनी गोल धरून सरकावयाचे, ही शिस्त घोडदळाच्या हाडीमाशी खिळलेली नव्हती. घोडेस्वार आवेशाने पुढे घुसले आणि आपल्याच तोफांच्या तोंडी आपलीच माणसे आल्यामुळे त्या तोफांना थांबावे लागले. अवजड तोफा जागच्या हलविता येत नव्हत्या. अब्दालीच्या उंटांवरील हलक्या जंबूरका मात्र हव्या तेथे धावत होत्या. लढाईपूर्वी मसलतीत गनिमी कावा की समोरासमोर झुंज, यावरून मतभेद होते आणि छावणी उपासमारीने ग्रासलेली होती. जखमी इब्राहिमखान शत्रूच्या हाती सापडला व मारला गेला.

शस्त्र आधी आले. त्या शस्त्राला साजेशी फौज आणि मने आली नाहीत. हेच पुढे जगाने अन्यत्र पाहिले. १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्सवर चालून आल्या, तेव्हा फ्रेंचांजवळ रणगाड्यांची वाण नव्हती; त्यांच्या काही रणगाड्यांचे चिलखत तर जर्मनांच्या रणगाड्यांहून जाड होते. परंतु ते पायदळाच्या तुकड्यांत विखुरलेले होते आणि अनेकांत एकमेकांशी बोलण्यासाठी बिनतारी यंत्रही नव्हते. सहा आठवड्यांत फ्रान्स पडला. इंग्लंडात फ्रँक व्हिटल या तरुण वैमानिकाने जेट इंजिनाचे पेटंट १९३० मध्येच घेतले होते. पाच वर्षांनी त्याच्या नूतनीकरणाचे पाच पौंड भरण्यास सरकारने नकार दिला, त्याच्या खिशात ते नव्हते, आणि पेटंट बुडाले. पहिले जेट विमान उडाले ते जर्मनीत, २७ ऑगस्ट १९३९ रोजी. पण जर्मनांची जेट विमाने लढाईत उतरेपर्यंत १९४४ साल उजाडले आणि तोवर त्यांच्याजवळ ना पुरेसे इंधन उरले होते, ना मुरलेले वैमानिक. कल्पना आधी सुचणे, यंत्र आधी तयार होणे आणि ते यंत्र समाजाच्या अंगवळणी पडणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

महादजींनी घेतलेला धडा

पानिपतावरून पाय कायमचा अधू होऊन परतलेला तिशीतला पुरुष म्हणजे महादजी. त्यांना दुसरा धडा मिळाला तो आपल्या या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री पॉपमच्या तुकडीने शिड्या लावून हा किल्ला घेतला. शिपायांच्या पावलांचा आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेले जोडे मुद्दाम शिवून घेतले होते, अशी नोंद आहे. अजिंक्य म्हणून गाजलेला किल्ला पहाट होता होता गेला, तो मोठ्या तोफांनी नव्हे. आधी आखलेला बेत आणि तो बिनचूक पार पाडणारी शिस्त यांनी तो नेला. १७८२ मध्ये येथून जवळच असलेल्या सालबाईला तह झाला आणि पुढल्याच वर्षी महादजींनी किल्ला परत जिंकला; पण शिस्तीचे मोल त्यांच्या मनावर कोरले गेले असले पाहिजे.

१७८४ मध्ये त्यांनी सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी गावच्या डी बॉइन या सेनाधिकाऱ्याला नोकरीस ठेवले. आरंभी दोनच पलटणी होत्या. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत पगार थकल्यामुळे बादशाही पलटणी तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या, तेव्हा दरमहा हातात पडणारा पगार हेही एक शस्त्रच आहे, हे महादजींनी ओळखले. १७९० मध्ये डी बॉइनच्या हाताखाली दहा पलटणींचा पहिला कंपू उभा राहिला. १७९३ पर्यंत असे तीन कंपू झाले. खर्चासाठी अलीगढ भोवतालचा गंगा-यमुनेच्या दुआबातील समृद्ध मुलूख तोडून दिला गेला. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. जखमी शिपायांच्या शुश्रूषेची तजवीज झाली. १७९० मध्येच पाटण आणि मेडता येथे राजपुतांच्या नामांकित घोडदळाचा या कंपूने मोड केला. तीस वर्षांपूर्वी आपल्या फौजेत जे नव्हते, ते जवळजवळ सर्व आता होते.

जवळजवळ सर्व, असे म्हणावे लागते. कारण कंपूतील शिपाई बहुतांशी अवध, रोहिलखंड आणि दुआब या भागांतले होते, तर हुकूम देणारे अधिकारी युरोपीय. आणि आपली घराणी? त्यांचा मान घोड्यावर होता. पायी चालून कवायत करणे, तोफेची तोंडे पुसणे, अंतर मोजून गोळा टाकण्याचे गणित शिकणे ही सरदारपुत्राची कामे मानली गेली नाहीत. ज्या सुमारास महादजींनी डी बॉइनला नोकरीस घेतले, त्याच सुमारास, १७८५ मध्ये, कॉर्सिका बेटावरच्या बेताच्या सांपत्तिक स्थितीतील घराण्याचा एक मुलगा फ्रान्सच्या लष्करी शाळेतून तोफखान्याचा अधिकारी होऊन बाहेर पडला. त्याचे नाव नेपोलियन. इंग्रजांची तोफखान्याच्या अधिकाऱ्यांची शाळा वुलिच येथे १७४१ पासून चालू होती. आपण तोफा ओतल्या. तोफेचा अधिकारी घडविणारी शाळा काढली नाही.

१८०३ : तोफा थांबल्या नाहीत

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे निवर्तले. गादीवर आलेले दौलतराव चौदा-पंधरा वर्षांचे. डी बॉइन नोकरी सोडून १७९६ मध्ये युरोपास परतला. शांबेरीत त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या कारंज्यावर आजही हत्ती आहेत. त्याच्या जागी पेराँ आला. तोफा त्याच होत्या, पलटणी त्याच होत्या.

ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध पेटले. गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला की शिंद्यांच्या चाकरीतील जे युरोपीय अधिकारी ती चाकरी सोडतील, त्यांच्या उपजीविकेची सोय कंपनी करील. अनेकजण गेले. अलीगढचा किल्ला ४ सप्टेंबरला पडला आणि त्याच सुमारास खुद्द पेराँ जनरल लेकच्या आश्रयास गेला. वर्षानुवर्षे ज्याच्या हुकमावर पलटणी पाऊल टाकीत होत्या, तो माणूस एका पत्राच्या जोरावर पैलतीरी गेला.

आणि तरीही पुढे जे घडले ते विसरण्याजोगे नाही. २३ सप्टेंबर रोजी असईच्या रणांगणावर आर्थर वेलस्लीची सुमारे १,६०० माणसे ठार वा जखमी झाली. आपले काही गोलंदाज शत्रूची फळी अंगावरून जाईपर्यंत मेल्याचे सोंग घेऊन तोफांपाशी पडून राहिले आणि मग उठून त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून कीर्तिमान झाला. तरी स्वतःची सर्वांत उत्तम लढाई कोणती, असे विचारता त्याने असईचे नाव घेतले. १ नोव्हेंबरला लासवारी येथे, युरोपीय अधिकारी सोडून गेल्यावरही, शिंद्यांच्या पलटणी तोफांजवळ उभ्या राहून मेल्या. इंग्रजांची आठशेहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. जनरल लेकने आपल्या खासगी पत्रात कबूल केले की या पलटणींना फ्रेंच अधिकाऱ्यांचे नेतृत्व असते तर निकालाची शाश्वती नव्हती.

लेकचे हे वाक्य मी माझ्या व्याख्यानात मोठ्या अभिमानाने सांगत असे. त्या मुलाच्या प्रश्नानंतर ते मी पुन्हा वाचले आणि शरमलो. शत्रू आपल्या गोलंदाजाची स्तुती करतो, पण त्याच वेळी गृहीत धरतो की त्याला नेतृत्व मिळावयाचे तर ते परक्याचेच. आणि १८०३ मध्ये त्याचे हे गृहीत पुष्कळसे खरे होते. तोफ डागणारा हात येथला होता. तोफा कोठे मांडावयाच्या, केव्हा हलवावयाच्या, पडलेल्या अधिकाऱ्याच्या जागी कोणी उभे राहावयाचे, हे ठरविणारे डोके भाड्याचे होते आणि भाड्याचे डोके दुसऱ्याने अधिक भाडे देऊ करताच निघून गेले.

पराभवाचे हे एकच कारण होते, असे मात्र मी म्हणणार नाही. यशवंतराव होळकर त्या युद्धात वेळेवर उतरले नाहीत. आदल्याच वर्षी पुण्याजवळ शिंदे-होळकरांच्या फौजा एकमेकींना भिडल्या होत्या. कंपनीजवळ पैसा आणि कर्ज उभारण्याची पत मोठी होती. काही लेखक म्हणतात, गनिमी कावा सोडून मराठे कवायतीच्या नादी लागले म्हणूनच बुडाले. हे मत मला पटत नाही. दिल्ली-आग्र्यासारखी शहरे आणि दुआबासारखा मुलूख नुसत्या घोडदौडीने राखता आला नसता. महादजींचा निर्णय योग्य होता. तो अर्ध्यावर राहिला, हे दुःख आहे.

तेव्हा ‘तोफा पंचवीस वर्षे आधी आल्या असत्या तर’ याचे माझे आजचे उत्तर असे : १८०३ पंचवीस वर्षे आधी आले असते. आधी यावयास हवी होती ती शाळा. ती आली, पण कधी? सरदारांच्या मुलांसाठी ग्वाल्हेरात शाळा निघाली ती १८९७ मध्ये, महादजींच्या मृत्यूनंतर १०३ वर्षांनी. दरम्यान २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे शिंद्यांच्या फौजेने अखेरची मोठी झुंज दिली होती. तेव्हाही तोफा मागे हटल्या नाहीत; त्यानंतर त्या फौजेचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

कंपूतले एक घर

हे सर्व त्या मुलाला सांगावयास मी त्याच्या घरी गेलो. आजी दारातच म्हणाल्या, “या गुरुजी, बरं झालं आलात. तुम्हीच सांगा याला चार गोष्टी.” घरात वाद चालू होता. मुलाला हवाई दलात यंत्रविभागात भरती व्हावयाचे होते. वडिलांना ते कमीपणाचे वाटत होते. “आमच्या घराण्यात पागा होती, सर,” ते म्हणाले, “आणि हा पाने-हातोडे घेऊन विमानाखाली निजणार? त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा द्याव्यात.”

मी त्यांना उपदेश केला नाही. फक्त दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे वर लिहिलेली कंपूची हकीकत. दुसरी १९९९ च्या कारगिल युद्धाची. ग्वाल्हेरची मिराज विमाने त्या युद्धात उतरली, तेव्हा लेझरच्या झोताने नेम धरणारे बाँब आणि विमान यांची सांगड घालण्याचे काम आपल्याच अभियंत्यांनी, तंत्रज्ञांनी आणि वैमानिकांनी काही आठवड्यांत पार पाडले. विमान फ्रान्सचे होते, डी बॉइनही तिकडचाच म्हणावयाचा. फरक इतकाच की १९९९ मध्ये विमानाखाली निजणारा आणि विमानात बसणारा, दोघेही आपले होते आणि त्यांना फोडणारा जाहीरनामा कोणी काढू शकत नव्हते. अर्थात काम पुरे झाले आहे असेही नाही. आपले तेजस विमान ४ जानेवारी २००१ रोजी पहिल्यांदा उडाले, पण त्याचे इंजिन अमेरिकेचे आहे. कोणीतरी अजून पुष्कळ वेळ विमानाखाली निजावयास हवे आहे.

वडील काही बोलले नाहीत. आजींनी चहा आणला. मुलाने मला मराठीत विचारले, शब्द चाचपडत, “सर, ही माहिती कोणत्या पुस्तकात आहे? मराठीत असली तरी चालेल. आजी वाचून दाखवील.” पुस्तके माझ्याजवळ होती, दुसऱ्या दिवशी ती त्याला दिली. घरचा निर्णय काय झाला, ते मला ठाऊक नाही आणि तो विचारण्याचा अधिकारही माझा नाही.

यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाने मला पुन्हा व्याख्यानास बोलावले आहे. विषय जुनाच ठेवावा, लोकांना आवडतो, असे कार्यवाहांचे म्हणणे पडले. मी विषय तोच ठेवला आहे. फक्त या वेळी आरंभीच सांगणार आहे की मागील खेपेला ज्या वाक्यावर सर्वांत जास्त टाळ्या पडल्या, ते वाक्य चुकीचे होते, आणि ती चूक एका दहावीतल्या मुलाने दाखवून दिली.